काचेला बोट नको

सक्करदऱ्याला, बुधवार बाजाराच्या मागं,
हेडाऊचं गॅरेज. म्हणजे एक कडुनिंब, एक लाकडी पेटी
आणि ग्रीसनं काळी पडलेली चार हात जमीन.
गाडी स्टँडला लावली नि म्हटलं,
उजेड कमी पडून रायला भाऊ.

त्यानं किक मारली. रेस दिली की बल्ब पिवळा फुलायचा,
सोडली की रॉकेल संपलेल्या स्टोव्हसारखा बसायचा.
पस्तीस वॅट. अठरा वर्षं हाच होता ना?
होता. दिघोरी नाका ते उमरेडची खाण,
तिसऱ्या पाळीला, कोळशाच्या ट्रकांमागून, याच उजेडात.
मग आताच काऊन कमी पडते?
मी डोळे चोळले.
तो पुढं काही बोलला नाही.

साठ-पंचावन्नचा काढला त्यानं, निळसर काचेचा.
नवी वायर, रिले, चिनी मातीचा होल्डर,
"जुना वितळून जाईन याच्या तापानं.
हॉर्न कमी वाजवजो, बॅटरी म्हातारी हाये.
अन् काचेले बोट लावू नको.
बोटाचं तेल लागलं का तिथूनच फुटते."
स्वतः त्यानं तो खालून धरला होता,
विंचू नांगीला धरावा तसा.

त्या रात्री रस्ता चुना मारल्यासारखा निघाला.
पाचगावच्या पुढं मोरीत पडलेली एकच चप्पल.
शेंदूर लावलेला एक धोंडा, जो मला कधीच भेटला नव्हता.
रोह्याचे दोन हिरवे डोळे, पराटीच्या वर, हलेनात.
आणि नाल्याच्या पुलावर, कठड्याला,
निळ्या ऑइलपेंटनं, वेड्यावाकड्या अक्षरात: देवाजी.

देवाजी मडावी. माझ्याच पाळीचा.
उभ्या ट्रकवर गेला त्याला सहा वर्षं झाली.
भावानं लिहिलं असेल, किंवा पोरानं.
जाणाऱ्याच्या तोंडाकडंच लिहिलंय;
सकाळी परतताना कठड्याची दुसरी बाजू दिसते,
तिच्यावर बोअरवेलची जाहिरात आहे.
सहा वर्षं मी रोज रात्री
त्याच्या नावाला घासून जात होतो.

चौथ्या रात्री, कुही फाट्याच्या अलीकडं, समोरून सायकल.
उन्हाला धरतात तसा त्यानं कपाळाशी तळवा धरला,
मग हँडल थरथरलं,
मग प्रकाशात नुसता रस्ता उरला.

धावत गेलो. ढाब्यावरचा आचारी होता, दुधराम.
डबा उघडा पडलेला. भात मुरमात.
लागलं का? नाही, म्हणाला.
पोळी उचलली, फुंकली, मांडीवर झटकली.
"तुमाले सारं दिसून रायलं होतं ना भाऊ?
मले माहा हातही दिसत नव्हता."
रागानं नाही बोलला.
रागानं बोलला असता तर मीही चार शब्द बोललो असतो.

रविवारी हेडाऊनं संध्याकाळ होऊ दिली.
महापालिकेच्या शाळेची भिंत. दहा पावलं मोजली,
खडूनं आडवी रेघ ओढली.
"तू बसून राय गाडीवर. वजनाबिगर माप खोटं येते."
मी बसलो. तो स्क्रू पिळत गेला
आणि उजेड भिंतीवरून उतरू लागला,
सुविचाराच्या फळ्यावरून, पहिलीच्या खिडकीवरून,
रेघेखाली, पायरीवर बसलेल्या कुत्र्यापर्यंत.
कुत्र्यानं मान वळवली.
"अजून थोडा," मी म्हटलं.
हेडाऊ हसला. "आता तुले खड्डा दिसन का?"
दिसेल.

जुना बल्ब डिकीत आहे, पेपरात गुंडाळून.
त्याच्याशेजारी डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी, तारीख टळून गेलेली.
समोर दिवा दिसला की अंगठा आधीच डिपरवर जातो.
कधी समोरचाही खाली घेतो. बहुतेक नाही.

पुलावरचं नाव आता माझ्या उजेडात येत नाही,
तो कठड्याच्या पायथ्याशीच संपतो.
तिथं मी रेस सोडतो, जुन्या सवयीनं,
थोडा अंधार होईल म्हणून.
होत नाही.